झाडाच्या हाती सोपवलेली कला

पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारचं एक वनस्पतिउद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने डॉक्टर असलेला अधिकारी त्याची देखरेख करी. पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचं नाव कुणी नोंदवून ठेवलं नाही, पण त्याचं काम पावणेदोनशे वर्षं टिकलं आहे.

अशा वनस्पतिचित्रांची एक शिस्त असते. एकाच कागदावर कळी, उमललेलं फूल, फळ आणि चिरून दाखवलेलं बी अशी सगळी अंगं मांडायची. प्रत्यक्षात कळी आणि बी यांच्यामध्ये कित्येक आठवडे जातात, कधी महिने. चित्रात ते मिटून जातात. किडीने खाल्लेलं पान, उन्हाने करपलेला शेंडा बहुधा वगळला जातो, कारण चित्र त्या एका रोपाचं नसतं, त्या जातीचं असतं. शास्त्राला अशा काळाबाहेरच्या झाडाची गरज होती आणि चित्रकारांनी ती निष्ठेने भागवली.

हॉलंडच्या फुलचित्रांनी काळाला थोडी वाट दिली. राखेल राउश (१६६४–१७५०) ही त्यातली फार मोठी चित्रकार. तिच्या फुलदाणीत वेगवेगळ्या ऋतूंची फुलं एकत्र नांदतात, आणि त्यांच्यातच एखादं कुरतडलेलं पान, मान टाकलेली पाकळी, देठावर चढणारा किडा दिसतो. आयुष्य क्षणाचं आहे, ही आठवण करून देण्याची त्या काळची ही रीत. पण राउशच्या चित्रातलं फूल त्या दिवशी जेवढं कोमेजलं होतं तेवढंच आजही कोमेजलेलं आहे. कोमेजणं तिथे विषय म्हणून आलं. चित्राच्या अंगात ते शिरलं नाही.

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून काही कलाकारांनी हा पडदा दूर केला. झाडाचं चित्र काढण्याऐवजी त्यांनी झाडालाच कामाला घेतलं. लाकूड, साली, पाकळ्या, मुळं, बिया आणि बुरशी ही त्यांची सामग्री झाली आणि तिच्यासोबत तिचं वाढणं, सुकणं, सडणंही कलाकृतीत आलं. हे पुस्तक या कलाकारांविषयी आहे. त्यातल्या सर्व लेखांमागे एकच म्हणणं आहे: वनस्पतीला सोबत घेणारा कलाकार आपल्या कामाचा शेवट स्वतःच्या हातात ठेवत नाही. ते काम पाहणाऱ्याने, सांभाळणाऱ्याने आणि त्यावर लिहिणाऱ्यानेही हे मनापासून मान्य केलं, तरच या कलेची खरी ओळख होते.

सुरुवात जुझेप्पे पेनोनेपासून करायला हवी. इटलीच्या पिएमोंते भागात गारेस्सिओ या गावी १९४७ साली तो जन्मला. १९६८ मध्ये, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्याने गावाजवळच्या रानात एका कोवळ्या झाडाच्या खोडावर आपल्या हाताचा धातूत ओतलेला पंजा बसवला. जणू हाताने खोड घट्ट धरलं आहे. कृतीचं नावच सांगतं, की हे झाड त्या एका जागेखेरीज सगळीकडे वाढत राहील. पुढच्या वर्षांत खोड जाड होत गेलं आणि पंजाच्या दोन्ही अंगांनी फुगून त्याला पोटात घेऊ लागलं. शिल्पकाराने एकदाच पकडलं. पुढचं सगळं घडवणं झाडाने केलं.

त्यानंतर पेनोनेने उलटा प्रवास आरंभला. लाकडाच्या वखारीतून करवतीने चौकोनी कापून आलेली तुळई घ्यायची. तिच्या तोंडावर वर्षवलयं दिसतात आणि अंगावर गाठी. गाठ म्हणजे एके काळची फांदी. खोड वर्षानुवर्षं जाड होत जाताना तिच्या बुडाला वेढून घेतं. पेनोने एक वलय निवडतो आणि त्याच्या बाहेरचं लाकूड पटाशीने उतरवत जातो. वलय जिथे आत वळतं तिथे पटाशीही आत वळते. गाठ आली की ती कापायची नाही, तिच्याभोवतीचं लाकूड काढून तिला मोकळं करायचं. हात जरा खोल गेला, की दुसरंच वर्ष उघडं पडतं. हळूहळू तुळईच्या आतून एक बारकं झाड बाहेर येतं, फांद्यांचे खुंट घेऊन उभं: हेच झाड ते कोवळं असताना जसं होतं तसं. लंडनच्या टेट संग्रहालयातलं ‘बारा मीटरचं झाड’ (१९८०–८२) असंच घडलं आहे. खाली काही भाग मुद्दाम तुळईच ठेवला आहे, म्हणून इमारती लाकूड आणि झाड एकाच नजरेत दिसतात. आपल्या घराच्या चौकटीत, पलंगाच्या खुरात असं एक कोवळं झाड कोंडलेलं आहे, हे एकदा कळलं की लाकडाकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही.

पेनोने वाढ उलगडून दाखवतो. वेल्समधल्या ब्लायनाइ फेस्टिनिओगचा डेव्हिड नॅश (जन्म १९४५) वाढीची वाट पाहतो. १९७७ मध्ये त्याने आपल्या रानाच्या तुकड्यावर ॲशची बावीस रोपं वर्तुळात लावली. ती मोठी होतील तसं त्यांना वळण देत एक जिवंत घुमट उभा करायचा, असा बेत. त्यासाठी त्याने तिथल्या शेतकऱ्यांची जुनी पद्धत वापरली. बांधावर जिवंत कुंपण घालताना ते खोडाला खाच पाडून, ते न तोडता वाकवतात. जखम भरून येते आणि खोड वाकल्या दिशेने वाढू लागतं. छाटणी, खाच, बांधणी असं करत दशकं गेली. झाडं एका अंगाला झुकली, मग वर वळली आणि नाचत्या माणसांनी रिंगण धरावं तसा घुमट आकाराला आला. तो एकविसाव्या शतकासाठी होता, असं नॅशने आधीच ठरवलं होतं.

एकविसावं शतक आलं ते रोग घेऊन. ॲशची झाडं शेंड्याकडून वाळवत नेणारी, मूळची पूर्व आशियातली एक बुरशी युरोपभर पसरली आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आढळली. घुमटालाही तिने गाठलं. नॅशने घुमट तोडला नाही, त्यावर औषधांचा माराही केला नाही. त्याने जुन्या रिंगणाबाहेर ओकच्या रोपांचं नवं रिंगण लावलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने लावलेलं ओकचं रोप, म्हणजे त्याचा घुमट पाहायला दुसरंच कुणी असणार. या एका कृतीत या पुस्तकाचा सगळा विषय सामावलेला आहे. आरंभीच्या वीस वर्षांत कुणी लिहिलं असतं तर त्याला ही माणसाने निसर्गाला दिलेल्या आकाराची गोष्ट वाटली असती. आज ती त्या आकाराने माणसाला घातलेल्या कोड्याची आणि त्याने धीराने दिलेल्या उत्तराची गोष्ट आहे. कलाकृती तीच; तिचा अर्थ बुरशीने बदलला.

जर्मन कलाकार योसेफ बॉइसच्या ‘सात हजार ओक’मध्ये हा काळ साऱ्या शहरात पसरला. १९८२ मध्ये जर्मनीच्या कासेल शहरात, डॉक्युमेंटा प्रदर्शनाच्या वेळी, संग्रहालयासमोर बेसॉल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला गेला. गावात एक झाड लागलं की ढिगातली एक शिळा उचलून त्याच्या शेजारी उभी करायची. म्हणजे ढीग हाच हिशेब: तो दिसतोय तोवर काम बाकी आहे. बॉइस १९८६ मध्ये वारला. शेवटचं झाड त्याच्या मुलाने १९८७ मध्ये लावलं. आरंभी शिळेशेजारी रोप किरकोळ दिसे. आज झाडाखाली शिळा लहान वाटते. दगड तेवढाच राहिला, त्याच्याशी असलेलं झाडाचं प्रमाण मात्र रोज बदलत आलं.

वाढीवर प्रेम करणं सोपं आहे. कुजण्यावर लक्ष ठेवणं अवघड, म्हणून या पुस्तकात कुजण्याला जास्त पानं दिली आहेत.

न्यूयॉर्कची झोई लिओनार्ड १९९२ ते १९९७ या काळात एक विचित्र काम करत होती. संत्री, केळी, लिंबं, ग्रेपफ्रूट, ॲव्होकाडो खाऊन झाल्यावर त्यांच्या साली ती वाळवायची आणि सुईदोऱ्याने पुन्हा शिवायची. कुठे साधा टाका, कुठे तार, कुठे बटणं, कुठे चक्क चेन. डेव्हिड वोइनारोविच हा तिचा कलाकार मित्र १९९२ मध्ये एड्सने गेला होता, आणि त्या रोगाने तिच्या भोवतालची कितीतरी माणसं नेली होती. त्या दुःखात हे शिवणकाम सुरू झालं. सुमारे तीनशे साली जमिनीवर विखरून ठेवल्या, की ‘स्ट्रेंज फ्रूट’ ही मांडणी पुरी होते. जवळ बसून एकच साल पाहावी. गर नाही, रस नाही, पोकळ कवच. त्यावरचे टाके मात्र जखम शिवावी तसे नेटके. शिवलं म्हणून फळ परत येत नाही, हे शिवणारीला ठाऊक आहे, तरी प्रत्येक टाका मनापासून घातलेला आहे.

फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाने हे काम घेतलं तेव्हा एक पेच उभा राहिला. क्रिश्चन शायडेमान या संवर्धन-तज्ज्ञाने काही सालींवर प्रक्रिया करून त्यांचं सडणं थांबवण्याचा मार्ग शोधला होता. उपाय लागू पडत होता. लिओनार्डने तो नाकारला. साली हळूहळू सुरकुतणं, काळवंडणं, भुकटी होणं हेच त्या कामाचं सार होतं. एरवी वस्तू अबाधित राखणं हा संग्रहालयाचा धर्म. इथे त्याच संग्रहालयाने नष्ट होत जाणारी वस्तू आपल्या छपराखाली, तिच्याच अटींवर सांभाळायचं कबूल केलं. शोक करणाऱ्याजवळ बसून राहणं आणि त्याला घाईने सावरू न पाहणं यात जो समंजसपणा आहे, तोच मला या निर्णयात दिसतो.

स्कॉटलंडच्या अनया गॅलाचिओने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १९९१ मध्ये तिने लालभडक जरबेराची फुलं काच आणि भिंत यांच्यामध्ये दाबून बसवली. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधून निघून लग्नाच्या मांडवात पोचणारा जरबेरा आपल्याला चांगला माहीत आहे. पण मांडव उतरल्यावर त्याचं काय होतं, ते आपण पाहत नाही. गॅलाचिओ नेमकं तेच दाखवते. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी भिंत टवटवीत लाल असते. मग फुलं तपकिरी होतात, काचेवर दव साचतं, बुरशी धरते, पाकळ्यांचा लगदा खाली ओघळतो. प्रदर्शन संपलं की ती टाकून देतात आणि पुढच्या वेळी नवी आणतात. संग्रहालयाकडे कायमची असते ती कृतीची रीत.

कुजण्याच्या या कलेला एक शब्दही न बोलता चोख उत्तर देणारी चित्रफीत सॅम टेलर-जॉन्सनने २००१ मध्ये केली. टोपलीतली फळं भराभर सडत जातात, त्यांच्यावर राखाडी लव येते, शेवटी गाळ उरतो. शेजारी पडलेलं प्लास्टिकचं स्वस्त बॉलपेन जसंच्या तसं. न सडणं हा गुण आहे की शाप, हा आजचा प्रश्न त्या पेनात आहे. सडणं म्हणजे बुरशी आणि जिवाणूंनी केलेलं काम; त्यांनी पानं-फळं फोडून मातीला परत दिली नाहीत तर पुढचं बी कशावर वाढणार?

हे सगळं परक्या मुलखातलं वाटेल, म्हणून इथल्या तीन कामांकडे वळतो.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्न निघालं, की सवासिणी आतल्या भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघट देवी, झाडाझुडपांची आणि सुफळतेची. भिंत कुडाची: कारवीच्या काठ्या, वरून शेण-माती, त्यावर गेरू. ही कारवी सह्याद्रीत साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून झाली की मरते. रंग म्हणजे तांदळाच्या पिठाचं पाणी, कुंचला म्हणजे ठेचलेली काडी. म्हणजे चित्र, भिंत आणि देवी तिन्ही वनस्पतींची, आणि पुढच्या सारवणात चित्र जाणार हे गृहीत. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी १९७०च्या दशकापासून ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, लग्नाबाहेरची दुनिया त्यांत आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला त्यांची चित्रं रिचर्ड लाँगच्या कामासोबत मांडली गेली. लाँग म्हणजे तोच ब्रिटिश कलाकार, ज्याने १९६७ मध्ये गवतातून पुन्हा पुन्हा चालून एक रेघ पाडली होती. गवत वर आलं आणि रेघ गेली, छायाचित्र उरलं. वारली चित्राला टिकाऊ कागद मिळाला म्हणून ते जगाला दिसलं, याचा आनंद आहेच. पण पुसलं जाण्याची त्याची मूळ वृत्ती आपण ‘साधन नव्हतं म्हणून’ अशी समजलो, तर फार मोठी समजूत गमावू.

दुसरा चंद्रपूरच्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६). त्याच्या घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीशी बांधलेल्या. तो प्रदर्शनाच्या भिंतींवर चारकोलने प्रचंड चित्रं काढतो: डोक्याच्या जागी अवजार असलेली माणसं, पोखरलेली जमीन. अशी भित्तिचित्रं प्रदर्शनानंतर पुसली जातात. चारकोल हे अर्धवट जळलेलं लाकूड. आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा म्हणजे गोंडवन काळातलं, पंचवीस कोटी वर्षांहून जुनं रान. ग्लॉसोप्टेरिससारखी झाडं दलदलीत पडली, पाण्याखाली हवा मिळाली नाही म्हणून पुरती कुजली नाहीत, गाळाखाली दबत गेली. न झालेल्या कुजण्यातून कोळसा झाला. तो आज जाळताना आपण ते थांबलेलं कुजणं एका झटक्यात पुरं करतो आहोत. पाचपुतेची चित्रं खाणकामगारांविषयी आहेत, पण ती ज्या काळ्या रेघेत लिहिली आहेत, ती रेघ मुळात झाडाची आहे.

तिसरं नाव मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५). जन्म मुंबईचा, शिक्षण बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. वाखाच्या दोऱ्या रंगवायच्या आणि आधी रेखाटन न करता गाठीवर गाठ मारत माणसाहून उंच आकार उभा करायचा, हे तिचं काम. ‘पुष्प’, ‘वनश्री’ अशी त्यांची नावं. त्या आकारांत पाकळी आहे, फुगलेला कोंब आहे, देवीचं बसणं आहे, कामवासनाही आहे. दोरी आपल्याच वजनाने लोंबते आणि शिल्प गुरुत्वाकर्षणाशी बोलत राहतं. पुढे तिने ब्राँझमध्ये ताडाच्या झावळ्यांचे आकार ओतले. वाढीचा जोर इतक्या थेट हाताने शिल्पात आणणारं काम आपल्याकडे दुसरं नाही. मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकारावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं, ही खंत या पुस्तकामागचं एक कारण आहे.

यांच्या जोडीला कलाकार अमर कंवरच्या ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’वरही लेख आहे. २०१२च्या डॉक्युमेंटात त्याने ओडिशातल्या भाताच्या अडीचशेहून अधिक देशी वाणांचं बियाणं मांडलं होतं. जमिनीवरून माणसं हुसकली जातात तेव्हा काय काय हरवतं, याचा तो पुरावा. बी हा पुरावा असतो आणि पेरलं तर उद्याचं पीकही.

या कलेविषयी एक सावधगिरीही नोंदवतो. झाड लावलं म्हणजे कलाकृती झाली, आणि हिरवी आहे म्हणजे चांगलीच, असा समज सध्या बळावतो आहे. कंपन्यांच्या आवारातल्या हिरव्या भिंती, प्रदर्शनापुरती आणून मग वाळायला सोडलेली कुंडीतली झाडं, यांना या पुस्तकात जागा नाही. हजारो फुलं मागवून सडवणाऱ्या कलाकारालाही ती फुलं कुणी पिकवली, किती पाणी पिऊन वाढली, हे विचारायला हवं. निवड करताना मी एकच कसोटी लावली: कलाकाराने वनस्पतीला तिच्या स्वभावाप्रमाणे वागू दिलं का, आणि त्या वागण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली का? नॅशने घेतली. लिओनार्डने घेतली. चौक लिहिणाऱ्या सवासिणी तर ती पिढ्यानपिढ्या घेत आल्या.

पुस्तकाची रचनाही या कसोटीवर बेतली आहे. पहिल्या भागात वाढ, दुसऱ्यात कुजणं, तिसऱ्यात बी आणि माती. लेख कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण वाढीवरचे वाचून कुजण्यावरचे सोडू नयेत, एवढी विनंती. कलेचे विद्यार्थी, बागकामात रमणारे, शेती करणारे, संग्रहालयात काम करणारे असे सगळेच वाचक माझ्या डोळ्यांसमोर होते. ॲशवरची बुरशी शेतकऱ्याला चित्रसमीक्षकापेक्षा लवकर समजेल, आणि त्याचं वाचन मला तेवढंच मोलाचं आहे.

मराठीत कलेवर लिहिताना कृतीचं वर्ष आपण नेमाने देतो. या कलेला ते पुरत नाही. १९७७ सालचा ॲशचा घुमट, १९९० सालचा आणि आजचा, हे तीन वेगळे अनुभव आहेत आणि प्रत्येकाला साक्षीदार हवा. म्हणून पुढे अशा कृतीवर कुणीही लिहील तेव्हा ती कधी केली यासोबतच ती कधी पाहिली, त्या दिवशी तिची काय अवस्था होती आणि तिची निगा कोण राखत होतं, हेही लिहावं. झाडाशी नातं असलेली कला एका भेटीत संपत नाही. तिच्यावरची समीक्षाही एका लेखात संपू नये. मराठीत अशा नोंदी साचत गेल्या, एकाच कृतीवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं, तर या पुस्तकाचं काम पुढे चाललं असं मी समजेन.